वेरूळ, अजिंठा आणि लोणार : सहा दिवसांच्या खासगी मार्गदर्शित सहलीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, पितळखोरे, अजिंठा आणि लोणारचे विवर ही पाच ठिकाणे जोडणारी ही सहल एका वेळी एकाच कुटुंबासाठी किंवा एकाच मित्रमंडळासाठी आखली जाते. नोंदणीपूर्वी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्न छोटा असला तरी त्यामागचा विषय मोठा आहे.

सहलीचा क्रम कसा असतो?

मंगळवारी सकाळी छत्रपती संभाजीनगर येथून आपण निघतो आणि तो दिवस देवगिरी, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्याला देतो. बुधवार पूर्ण वेरूळसाठी असतो. गुरुवारी पितळखोरे पाहून संध्याकाळपर्यंत अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला पोहोचतो. शुक्रवार अजिंठ्याचा. शनिवारी सकाळी घळीच्या माथ्यावरून अजिंठ्याचे पुन्हा एकदा दर्शन घेऊन बुलढाणा, चिखली, मेहकर या मार्गाने लोणार गाठतो. रविवारी सकाळी विवर पाहून दुपारनंतर सिंदखेडराजामार्गे परततो. पहिले दोन मुक्काम संभाजीनगर किंवा वेरूळ परिसरात, पुढचे दोन फर्दापूरला आणि शेवटचा लोणारला होतो.

सहल मंगळवारीच का सुरू होते? आम्हाला शनिवार-रविवार सोयीचे आहेत.

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ही एवढी साधी गोष्ट लक्षात न घेता आखलेल्या कितीतरी सहली बंद फाटकापाशी येऊन थांबतात. मंगळवारी निघाल्यास वेरूळच्या सुट्टीचा दिवस किल्ल्यावर सत्कारणी लागतो आणि तिन्ही लेणीसमूह कामाच्या वारी, तुलनेने शांततेत पाहता येतात. शनिवार-रविवारी आणि शाळांच्या सहलींच्या मोसमात अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांपुढे रांग लागते आणि आतील वेळ मोजून मिळतो. ज्यांना शनिवारीच निघायचे आहे त्यांच्यासाठी क्रम बदलून देता येतो. मात्र त्या वेळी गर्दीची तयारी ठेवूनच यावे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

वेरूळ आणि अजिंठा दोन दिवसांत होतात. मग सहा दिवस कशासाठी?

होतात, यात शंका नाही. बहुतेक लोक तसेच पाहतात. सकाळी संभाजीनगरहून निघून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठा, दुसऱ्या दिवशी ३० किलोमीटरवरील वेरूळ, वाटेत दौलताबाद, घृष्णेश्वर, पाणचक्की आणि बीबी का मकबरा असा तो ठरलेला कार्यक्रम असतो. त्यात ठिकाणे पाहून होतात, परंतु त्यांच्यातील नाते हाती लागत नाही. आमच्या सहलीचा गाभा हे नातेच आहे. ही पाचही ठिकाणे एकाच कातळात आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वारंवार उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. लाव्हा थिजून झालेल्या त्याच बेसाल्ट खडकाचा डोंगर तासून देवगिरी अभेद्य झाला, त्याच्याच पोटात वेरूळ, पितळखोरे आणि अजिंठा कोरले गेले, आणि लोणारला आकाशातून आलेला पाषाण आदळला तोही याच थरांवर. छिन्नीने महिनोन्‌महिने खोदलेला कातळ आणि एका क्षणात उद्ध्वस्त झालेला तोच कातळ हे दोन्ही पाठोपाठ पाहिले, म्हणजे दोन्हींचा अर्थ बदलतो. त्यासाठी सवडीने पाहावे लागते.

अजिंठा अधिक जुना आहे. मग वेरूळ आधी का दाखवता?

हा प्रश्न जाणकार मंडळी हमखास विचारतात आणि त्यावर दोन मते आहेत. कालक्रमाने पाहावे, म्हणजे अजिंठा आधी आणि वेरूळ नंतर, असे अनेक मार्गदर्शक सुचवतात. वेरूळचे कैलास लेणे पाहिल्यावर बाकी सर्व फिके वाटते, हे त्यांचे कारण. आम्ही मुद्दाम उलट जातो. यादवांची राजधानी आणि नंतरच्या सुलतानांचा गड असलेली देवगिरी आपल्याला सर्वांत जवळच्या काळातील, म्हणून तेथून आरंभ. तेथून सहाव्या ते दहाव्या शतकातील वेरूळ, पुढे सातवाहनकाळापर्यंत मागे नेणारे पितळखोरे आणि अजिंठा, आणि अखेरीस जेथे माणसाचा काळच संपतो ते लोणार. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची ही रीत नवख्या प्रेक्षकाला अधिक मानवते, असा आमचा अनुभव आहे. शिवाय या क्रमाने गेल्यास वेरूळच्या दहाव्या लेण्यातील दगडी फासळ्या आधी दिसतात. लाकडी छताचे अनुकरण दगडात का केले असावे, हा प्रश्न तेथे मनात राहतो आणि त्याचे उत्तर दोन दिवसांनी प्राचीन चैत्यगृहांत, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहांत, मिळते. उत्तर आधी सांगून टाकण्यापेक्षा हे बरे.

‘खासगी सहल’ म्हणजे नेमके काय?

गाडी, चालक आणि मार्गदर्शक फक्त आपल्या गटासाठी असतात. अनोळखी मंडळींसोबत आपल्याला जोडले जात नाही. एखाद्या लेण्यात तासभर थांबावेसे वाटले तर थांबता येते, आणि एखादे टाळावेसे वाटले तर कोणी आग्रह करत नाही. निवास, नाश्ता, गाडीचा सर्व खर्च, मार्गदर्शकाचे मानधन आणि प्रवेशतिकिटे यांचा शुल्कात समावेश असतो. दुपारचे आणि रात्रीचे जेवण, पालखी, वैयक्तिक खरेदी आणि देवस्थानांतील दक्षिणा आपल्याकडे.

एका ठिकाणी मात्र खासगीपणाला मुरड घालावी लागते. अजिंठ्याच्या प्रदूषणास संवेदनशील असलेल्या घळीत खासगी वाहने जाऊ दिली जात नाहीत. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून पुढचे सुमारे ४ किलोमीटर सर्वांना एसटी महामंडळाच्या बसनेच जावे लागते, आणि हा नियम योग्यच आहे.

मार्गदर्शक कोण असतात? ते मराठीत सांगतात का?

होय. लेण्यांच्या ठिकाणी पर्यटन खात्याचा परवाना असलेलेच मार्गदर्शक घेतले जातात आणि आपण त्यांचे ओळखपत्र निःसंकोच पाहावे. गटात परदेशात वाढलेली मुले असतील तर इंग्रजीतही समजावून सांगितले जाते. जातककथा म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, मूर्तिलक्षणे आणि राजवंश यांची माहिती त्यांच्याकडे असतेच. परंतु दंतकथा आणि पुरावा यांच्यात ते भेद करतात की नाही, हे आम्ही अधिक कसोशीने पाहतो. कैलास परग्रहवासीयांनी कोरला, असे गंभीर चेहऱ्याने सांगणारे लोक या परिसरात भेटतात. आमच्यासोबत ते नसतील.

देवगिरीचा किल्ला चढणे कठीण आहे का?

माथ्यापर्यंत जाऊन येण्यास साधारण अडीच ते तीन तास लागतात आणि चढ दमवणारा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चाँद मिनार, स्तंभांचे भारतमाता मंदिर आणि हत्ती हौद पाहून खंदकापर्यंत यावे. किल्ल्याचे मर्म तेथेच दिसते. डोंगराचा खालचा भाग सर्व बाजूंनी उभा तासून काढला आहे, त्यामुळे चढून जाण्यास कोठेही आधार मिळत नाही. खंदक ओलांडल्यावर वर जाण्याचा मार्ग कातळातील अंधाऱ्या भुयारातून जातो. त्याला ‘अंधारी’ म्हणतात. तेथे वटवाघळे असतात, दुर्गंधी असते आणि विजेरी लागते.

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने अचानक वेढा घातला, तेव्हा गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि यादव राजा रामचंद्रदेवाला तह करावा लागला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, हा किल्ला तटबंदी फोडून पडला नाही हे तिच्यातून सूचित होते, आणि खंदकाच्या काठी उभे राहिल्यावर ते पटते. पुढे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झाले.

वेरूळची सर्व ३४ लेणी पाहायची असतात का?

नाही. ३४ लेणी सुमारे २ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरली आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन अशी त्यांची मांडणी आहे, आणि सर्व पाहण्याच्या हट्टात एकही धड पाहिले जात नाही. आम्ही सकाळी बौद्ध समूहातील पाचवे, दहावे आणि तीन मजली बारावे लेणे पाहतो. त्यानंतर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख असलेले दशावतार लेणे, धुमार लेणे आणि जैन समूहातील इंद्रसभा असा क्रम असतो. जैन लेणी थोडी दूर असल्याने बहुतेक पर्यटक ती गाळतात. तेथील कोरीवकामाची नजाकत पाहता हे नुकसान मोठे आहे.

सोळावे लेणे, म्हणजे कैलास, आम्ही दुपारनंतरसाठी राखून ठेवतो. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने उतरते ऊन थेट शिल्पांवर येते. प्रथम बाजूच्या वाटेने डोंगराच्या माथ्यावर जाऊन वरून पाहावे, असा आमचा आग्रह असतो, कारण हे मंदिर बांधलेले नसून वरून खाली कोरत आणलेले आहे, हे वरूनच नीट उमगते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, या कामाचा मुख्य भाग झाला असे मानतात. शिखराचा कळस आधी आणि पायाचे हत्ती शेवटी, या क्रमात चूक दुरुस्त करण्यास वाव नसतो: जास्तीचा दगड निघाला की निघाला. मंदिराभोवती सुमारे ३० मीटर उंचीची कातळभिंत उभी आहे आणि त्या भिंतीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. आत आल्यावर दक्षिण बाजूला कैलास हलवणारा रावण जरूर पाहावा. वर बसलेल्या शिवाच्या स्वस्थपणात आणि खाली वीस हातांनी जोर लावणाऱ्या रावणाच्या धडपडीत जो विरोध साधला आहे, तो छायाचित्रात उतरत नाही. काही छतांवर रंगाचे आणि गिलाव्याचे अवशेष टिकून आहेत. एके काळी हे सारे मंदिर काळे नव्हते, हे त्यावरून कळते.

घृष्णेश्वराचे दर्शन होईल का?

होईल. ज्योतिर्लिंग लेण्यांपासून अगदी जवळ आहे. सध्याचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकरांनी उभारले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेवरील वस्त्र काढण्याची प्रथा आहे. श्रावणातील सोमवारी आणि महाशिवरात्रीला येथे प्रचंड गर्दी होते. त्या काळात दर्शनाला किती वेळ लागेल, हे आम्ही सांगू शकत नाही.

पितळखोरे हे नाव फारसे ऐकलेले नाही. तेथे काय आहे?

‘प्राचीन भग्नावशेष’ हे शब्द या सहलीत सर्वाधिक लागू पडतात ते येथेच. कन्नड तालुक्यात, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात, एका ओढ्याच्या घळीत ही १३ लेणी आहेत आणि त्यांतील जुनी लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातात. लाव्हाच्या दोन थरांमधील कच्च्या पट्ट्यांतून पाणी झिरपत राहिल्याने दर्शनी भाग कोसळले, छते उतरली आणि पुष्कळसे शिल्पवैभव ओढ्यात गेले. तरीही हत्तींची रांग, द्वारपाल आणि चैत्यगृहाच्या खांबांवरील चित्रांचे तुकडे पाहण्यासाठी लांबलचक पायऱ्या उतरणे सार्थकी लागते. येथील एका लेखात पैठणच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, खांबाचे दान दिल्याचे नोंदले आहे. येथे सापडलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्या हातावरील लेख सांगतो. नावानिशी कळणारे कलावंत आपल्या प्राचीन शिल्पकलेत फार थोडे, आणि त्यांतला हा एक सोनार असावा, ही गोष्ट आम्हाला नेहमी लोभस वाटते.

येथे उपाहारगृह नाही. पाणी आणि शिदोरी आम्ही सोबत घेतो.

अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत चित्रे खरोखर दिसतात का?

दिसतात, पण लगेच नव्हे. चित्रांना इजा होऊ नये म्हणून प्रकाश मंद ठेवलेला असतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलेला माणूस काळपट भिंत पाहून दोन मिनिटांत बाहेर पडतो, आणि ‘काही उरलेले नाही’ असे सांगत घरी जातो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत एका जागी उभे राहिले की प्रथम दागिन्यांचे ठिपके, मग चेहरे आणि मग संपूर्ण प्रसंग उलगडू लागतो. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांनाच सोडतात. म्हणून आम्ही सकाळी ९ वाजता फाटक उघडताच आत जाण्याचा प्रयत्न करतो.

ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर आधी माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले खनिज रंग, अशी ती पद्धत होती. तांबडा आणि पिवळा रंग गेरूचे, हिरवा रंग हिरव्या मातीचा, जी दख्खनच्या बेसाल्टमध्येच सापडते, आणि नंतरच्या काळातील निळा लाजवर्द या मौल्यवान दगडाचा, जो आजच्या अफगाणिस्तानाकडून आला असला पाहिजे. सह्याद्रीच्या या आडवळणी घळीपर्यंत तो कोणत्या तांड्यांबरोबर आला असेल, याचा विचार पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर करावा.

चित्रांचे नुकसान केवळ काळाने केले असे नाही. किडे, वटवाघळे आणि झिरपणारे पाणी होतेच. त्यात निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी निघू पाहणारे पापुद्रे चिकटवून वर लाखेचा मुलामा दिला. त्यामुळे पुष्कळशी चित्रे वाचली हे खरे, पण मुलामा पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गेल्या काही दशकांत तो मोठ्या कष्टाने उतरवला आहे.

अजिंठ्याची लेणी एकाच काळातील आहेत का? शोध कोणी लावला?

लेण्यांचे दोन स्पष्ट टप्पे आहेत. ९, १०, १२, १३ आणि १५ अ ही लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानली जातात. बाकीची पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळाच्या आसपास खोदली गेली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. हे दुसऱ्या टप्प्यातील सारे काम वीसेक वर्षांतच उरकले, असे वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने आयुष्यभर मांडले. सर्वांना ते मान्य नाही, पण अर्धवट सोडलेली लेणी पाहताना तो तर्क आठवतो. चोविसावे लेणे त्या दृष्टीने अवश्य पाहावे, कारण खोदकाम छताकडून खाली कसे सरकत असे, हे पुऱ्या झालेल्या लेण्यात कळत नाही, अपुऱ्यात कळते.

१८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीसाठी आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी या घळीपाशी पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख खरडली. त्या वेळी लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला असल्याने ते नाव आज माणसाच्या डोक्याहून उंचावर दिसते. आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी आधीपासून ठाऊक होती, त्यामुळे ‘शोध’ हा शब्द आम्ही जपून वापरतो. ज्या उंचवट्यावरून त्याने घळ पाहिली असे सांगतात, तेथे आपण शनिवारी सकाळी जातो. नालाच्या आकाराचे वाघूर नदीचे वळण आणि त्यावर ओवलेली सगळी लेणी तेथून एका नजरेत येतात. पावसाळ्यात नदी सातकुंडातून टप्प्याटप्प्याने खाली उतरताना दिसते.

छायाचित्रे काढता येतात का?

हो, परंतु चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास सक्त मनाई आहे. भ्रमणध्वनीचा फ्लॅश आत जाण्यापूर्वीच बंद करावा; अंधार पाहून तो आपोआप पेटतो आणि मग पहारेकऱ्याचा ओरडा खावा लागतो. ड्रोन आणू नये.

लोणारचे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे?

उल्केचे. हा वाद पुष्कळ वर्षे चालला, कारण भोवती सर्वत्र बेसाल्ट म्हणजे ज्वालामुखीचाच खडक आहे, आणि विवर त्याच उद्रेकाचा अवशेष असावे असे वाटणे साहजिक होते. परंतु लाव्हाचे थर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे आणि विवर त्यामानाने अगदी अलीकडचे. १९७० च्या दशकात विवराच्या तळाशी घेतलेल्या बोअरच्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट ही काच सापडली. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसल्यावरच ती तयार होते, आणि असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. विवराच्या कडेला थर बाहेरच्या बाजूस उलटून पडलेले दिसतात. मार्गदर्शक ते हात लावून दाखवतात.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि कडेपासून खोली सुमारे १५० मीटर आहे. वयाबाबत मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. पूर्वीच्या मोजणीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते, तर नंतरच्या आरगॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन्ही आकडे फलकांवर आणि पुस्तकांत आढळतात, म्हणून गोंधळून जाऊ नये. चंद्र आणि मंगळ यांचे पृष्ठभाग मोठ्या प्रमाणात बेसाल्टचे असल्यामुळे, पृथ्वीवर बेसाल्टमध्ये असलेल्या अशा मोजक्या विवरांकडे खगोलशास्त्रज्ञांचे विशेष लक्ष असते.

पाणी गुलाबी दिसेल का?

बहुधा नाही. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे सर्वदूर पोहोचली. पाणी आटून क्षारता वाढली की मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाण्याला तो रंग येतो, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत दिसून आले. एरवी सरोवर हिरवट दिसते. तो हिरवेपणा त्यातील शैवालासारख्या सूक्ष्मजीवांचा. पाणी खारट असून तीव्र अल्कधर्मी आहे आणि त्याला उग्र वास येतो. गुलाबी रंगासाठीच येणाऱ्यांनी निराशेची तयारी ठेवावी. आम्हाला स्वतःला हिरवे सरोवरच अधिक आवडते.

विवरात उतरता येते का, आणि तेथे काय पाहायचे?

पायवाटेने उतरता येते. उतरून, काठाने थोडे फिरून पुन्हा वर येण्यास तीन तास धरावेत. हा वनखात्याच्या अखत्यारीतील अभयारण्याचा भाग आहे आणि २०२० पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतील क्षेत्रही. माकडे, मोर आणि हिवाळ्यात पाणपक्षी सहज दिसतात. काठावर कमळजा देवीचे मंदिर आहे. इतरही जुनी मंदिरे झाडीत मोडकळीस आलेली आढळतात. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पाणी वर चढते आणि काठाची वाट बुडते, अशा वेळी किती पुढे जायचे हे वनरक्षकांच्या सांगण्यावर ठरते. सासू-सुनेची विहीर पाण्याबाहेर असेल तर दाखवली जाते: तिच्या एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात.

गावातील दैत्यसूदन मंदिर चुकवू नये. लवणासुराला विष्णूने मारले, ही या जागेची कथा, आणि खाऱ्या सरोवराला लवण नावाचा दैत्य मिळावा हे स्वाभाविकच आहे. चालुक्य शैलीतील या मंदिराच्या बाह्यभिंती कोरीवकामाने भरलेल्या असून शिखर मात्र नाही. विवराच्या कडेवर गोमुखातून अखंड वाहणारी गोड्या पाण्याची धार आहे. तेथे स्नानासाठी भाविकांची ये-जा असते.

कोणता महिना चांगला?

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत डोंगर हिरवे असतात, धुमार लेण्याजवळचा धबधबा आणि सातकुंड वाहते असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालण्यास सर्वांत सुखकर. एप्रिल-मेमध्ये तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि घळीतील कातळ तापतो. त्या महिन्यांत आम्ही ही सहल घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले येऊ शकतात का?

ज्येष्ठांसाठी अजिंठ्यात पालखीची सोय होऊ शकते. वेरूळ बऱ्यापैकी सपाटीवर आहे आणि जैन लेण्यांपर्यंत गाडी जाते. पितळखोऱ्याच्या पायऱ्या आणि लोणारचा उतार ज्यांना झेपणार नाही, त्यांनी कडेवरून पाहावे. लोणार कडेवरूनही पूर्ण दिसते. हृदयविकार किंवा दमा असल्यास आधी कळवावे. मुलांच्या बाबतीत, आठ वर्षांपुढील मुले या सहलीत रमतात. त्याहून लहान मुले माकडांत रमतात, आणि वेरूळची माकडे हातातील खाऊ हिसकावतात.

तिकिटांचे काय? आम्ही परदेशात राहतो.

अजिंठा आणि वेरूळ येथे भारतीय नागरिकांना ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये प्रवेशशुल्क आहे. १५ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. ओसीआय कार्डधारकांना भारतीयांच्या दराने प्रवेश मिळतो, मात्र त्यासाठी मूळ कार्ड जवळ हवे. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर भागेलच असे नाही. दर बदलल्यास फरक आम्ही सोसतो.

जेवणाची व्यवस्था कशी असते?

शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते. फर्दापूर खानदेशाच्या उंबरठ्यावर असल्याने तेथे वांग्याचे भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळते. तिखट सोसत नसेल तर सकाळीच सांगावे, कारण जेवण तयार झाल्यावर त्यातील तिखट काढता येत नाही. संभाजीनगरात सामिष खाणाऱ्यांनी नान-खलिया चाखावा. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांची किंवा उपवासाची सोय दोन दिवस आधी कळवल्यास होते.

सोबत काय आणावे?

घट्ट पकडीचे, पण सहज काढता-घालता येणारे बूट आणावेत, कारण चित्रांच्या लेण्यांत ते बाहेर काढावे लागतात. जाड मोजे, टोपी, विजेरी, पाण्याची बाटली आणि मंदिरांत शोभतील असे कपडे असावेत. दुर्बीण असल्यास कैलासाच्या वरच्या थरांसाठी आणि लोणारच्या पक्ष्यांसाठी उपयोगी पडते.

संभाजीनगरला कसे पोहोचावे?

मुंबईहून रेल्वेच्या अनेक गाड्या आहेत आणि चिकलठाणा येथे विमानतळ आहे. पुण्याहून बहुतेक मंडळी रस्त्याने येतात. नागपूरकडील मंडळींना समृद्धी महामार्गामुळे लोणारहूनच सहल संपवून परतणे सोयीचे पडते. त्यांना रविवारी मेहकरपर्यंत सोडण्याची व्यवस्था करता येते.

ऐनवेळी एखादे ठिकाण बंद झाले तर?

अतिवृष्टीत दरड किंवा पुराच्या शक्यतेमुळे अजिंठ्याची घळ अथवा लोणारची वाट बंद ठेवली जाऊ शकते. अशा वेळी दिवसांची अदलाबदल करून पाहतो. तेही शक्य नसेल तर संभाजीनगरजवळची औरंगाबाद लेणी दाखवतो, जी अजिंठ्याच्या उत्तरकाळाशी जवळीक सांगणारी असूनही दुर्लक्षित राहिली आहेत. त्या ठिकाणाच्या तिकिटाचे पैसे परत केले जातात, मुक्कामाचे नाहीत. निघण्याच्या पंधरा दिवस आधी सहल रद्द केल्यास निवासाची आगाऊ रक्कम वगळून बाकी सर्व रक्कम परत मिळते. त्यानंतर रद्द केल्यास तारीख पुढे ढकलता येते, परंतु नवी तारीखही मंगळवारचीच असावी लागते.